मोकळी ठेवलेली भिंत

जलालभाई,

पहिल्या गाडीने कफील मालकाच्या शिकारखोलीवर जातोय. ड्रिल नेलंय. हरणांची मुंडकी दक्षिणेच्या भिंतीवरून काढून पश्चिमेला लावतो. काडतुसं भरायच्या टेबलाला हात लावत नाही. तुम्ही तेवढी पुट्टी आणा. डाळ झाकून ठेवलीय, काल तुम्ही जेवला नाहीत.

नमाजासाठी एक भिंत मोकळी सोडा, एवढंच तो म्हणाला होता. आमच्या गावचे मुसलमान शेजारी पश्चिमेकडे तोंड करतात, म्हणून मी कुणाला न विचारता पश्चिम सोडली. इथं सौदीत हाइलहून मक्का दक्षिणेला, म्हणून किब्लाही तिकडंच, हे डोक्यातच आलं नाही. फोरमन तुम्ही, म्हणून काल तो सगळ्यांसमोर तुमच्यावर उखडला, "मुसलमान असून किब्ला कळत नाही?" तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मीही तोंड उघडलं नाही. आज आधी त्याला खरं सांगतो, मग मुंडकी काढतो.

सात वर्षं तुम्ही माझ्या खाटेला लागून नमाजाचा मुसल्ला अंथरता. मध्ये अडचण नको म्हणून मी दर वेळी उठून बाहेर जातो. तुमचं तोंड कुठं असतं, ते एकदाही पाहिलं नाही.

भिकू