बाबांचे कान

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. बाबांच्या दम्याला पंपाच्या जोडीला आठवड्यातून तीनदा अँटिबायोटिकची गोळी सुरू केली, त्याला वर्ष होत आलं. गुण आला, हे मान्य. हिवाळाभर दवाखान्यात पळावं लागलं नाही. पण कान? टीव्हीचा आवाज वाढत गेला आणि आम्ही म्हणत राहिलो, वय झालं.

आज पेणला नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, "गोळी सुरू करण्याआधी कान तपासले होते? ईसीजी?" दोन्ही झालं नव्हतं. या गोळीने काहींना कमी ऐकू येतं, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात म्हणे. मग इथल्या डॉक्टरांनी एका शब्दाने का नाही सांगितलं? दर खेपेला मान वर न करता चिठ्ठी खरडायचे. निदान विचारायचं तरी, काका, ऐकू येतंय ना?

बाईंनी गोळी बंद करायला सांगितली. परतताना वडखळला चहाला थांबलो, तर बाबा म्हणाले, "गोळी बंद नाय करायची."

"बाबा, कान जातील!" मी ओरडलेच. आजूबाजूचे वळून बघू लागले.

"जाऊ देत गो. तू अशीच ओरडून बोल. रात्रभर श्वासासाठी उठून बसणं काय असतं, तुला नाय कळायचं."

घरी येऊन मी गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. उद्या बुधवार, गोळीचा वार. बाबा चावी मागतील. त्यांना नाही कसं म्हणायचं, ते त्या चिठ्ठी खरडणाऱ्या डॉक्टरने येऊन सांगावं.