सुमेधसाठी स्थळ

१२ जुलै, शनिवार

सुमेधला भेटले. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्या, कोपऱ्यातलं टेबल. तुरुंगातून सुटून आल्यापासून बारीकच होत चाललाय. छत्तीस वर्षांचा घोडा, आणि कॉफी घेऊ का हेसुद्धा मला विचारतो. मोठी बहीण म्हणून आधी बरं वाटायचं, आता चीड येते.

घरी आणायचा नाही हा माझ्या नवऱ्याचा, निखिलचा नियम. माझाही तोच. नि. आधी बोलला म्हणून वाईटपणा त्याच्याकडे गेला, एवढंच. रेवाला अजून वाटतं की मामा जहाजावर नोकरीला आहे. नऊ वर्षांची आहे. किती दिवस वाटेल?

सु. गोदामात पॅकिंगला लागलाय. एके काळी ह्याचे संशोधनाचे पेपर छापून यायचे. म्हणाला, "बरं आहे ताई. तिथे सगळे मोठेच आहेत."

साधं वाक्य. मी ताटली बाजूला सारली.

१६ जुलै, बुधवार

आईचा नागपूरहून फोन. आवाजातच लाडू फुटत होते. "स्थळ आलंय सुमेधला."

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. नाही. मुलगी चंद्रपूरची, शाळेत शिक्षिका. घटस्फोट झालेला. आपल्यातलीच, विहारात नियमित येणारी. "आणि तिला पण एक पोरगा आहे सात वर्षांचा. म्हणजे तीही जास्त खोलात जाणार नाही."

हे तिने फायदा म्हणून सांगितलं!

मी म्हटलं, आई, सात वर्षांचा मुलगा. तुला कळतंय का तू काय बोलतेस? तर म्हणे, "काहून गं? आता झालं ना. भोगलं त्यानं. बायको आली की माणूस ताळ्यावर येतो."

सु. शेजारच्या मुलाची शिकवणी घ्यायचा. मुलगा अकरा वर्षांचा होता. कोर्टात सगळं वाचून दाखवलं, सु.ने खाली मान घालून कबूल केलं. मी तिथे बसले होते. आईने ते ऐकलेलं नाही. आईच्या लेखी ती 'ती भानगड'. आमच्याकडे दारुड्याला, आळशाला, वेडसराला, सगळ्यांना एकच औषध, लग्न करून द्या. ह्यालाही तेच. आणि तोही डोस एका मुलासकट.

२० जुलै, रविवार

आज वंदनेला गेले होते. महिन्यातून एकदा आपली इथली मंडळी जमतात. पंचशील घेताना तिसऱ्या, कामवासनेतल्या गैरवर्तनापासून दूर राहण्याच्या शीलापाशी माझा आवाज बंद होतो, हे आता सवयीचं झालंय. आई म्हणते, सु. रोज सकाळी वंदना घेतो. घेत असेल. तेव्हाही घ्यायचा.

नि.ला स्थळाचं सांगितलं. तुला काय वाटतं, विचारलं. "मी काय बोलू? तुझा भाऊ आहे," म्हणाला. मग भांडी घासायला उठला. रागावला की भांडी घासतो.

२५ जुलै, शुक्रवार

हाफ डे टाकून समुपदेशकबाईंना भेटले. सुटकेनंतर सु.वर एका ऑफिसरची देखरेख असते, ती अजून काही महिने आहे, तोवर घरच्यांनाही बोलावतात. मीच एक घरची.

बाई शांत आहेत. त्यांच्या शांतपणाचाही मला कधीकधी राग येतो. म्हणाल्या, एकटा पडला की धोका वाढतो. काम हवं, माणसं हवीत, बरोबरीच्या वयाच्या कुणाशी नातं असलं तर उत्तमच.

मी विचारलं, त्या नात्यात सात वर्षांचा मुलगा असला तर?

पेन खाली ठेवलं त्यांनी. "मग नाही. अजिबात नाही."

"तो बरा झालाय का?"

"मी हा शब्द वापरत नाही. बरेच जण पुन्हा तसं करत नाहीत. काही करतात. कोण करणार नाही, ते आधी सांगण्याचं साधन माझ्याकडे नाही."

निदान खोटं तरी बोलल्या नाहीत. पण घेऊन काय आले मी? माणसांत ठेवा, पण ज्या घरात मूल आहे तिथे नको. मूल नाही असं एक तरी घर दाखवा मला आमच्या गोतावळ्यात. बारसं, वाढदिवस, सुट्ट्या. माणसं म्हणजे पोरंबाळं आलीच.

आमच्या कंपनीच्या केमिकल प्लांटवर टाकी रिकामी केली, धुतली, तरी माणूस आत उतरायच्या आधी हवा तपासतात. दर वेळी. कालची तपासणी आज चालत नाही. टाकीला त्याचं वाईट वाटत नाही. सु.ला वाटतं.

२ ऑगस्ट, शनिवार

सु.ला सरळच विचारलं. तुला स्थळाचं माहीत आहे?

"हो. आईने माझा नंबर दिला होता त्यांना. एक-दोनदा बोललो."

"आणि?"

"चांगल्या आहेत गं. हसतात."

मग मीच सुरू झाले. आवाज चढला असणार, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान वळवली. तिला मुलगा आहे सु. तुला नाही म्हणायला काय झालं? तो म्हणाला, "आई इतक्या वर्षांनी खूश आहे." आणि मग हळूच, "मला कधीच घर मिळणार नाही का ताई? कधीच?"

ह्याचं उत्तर मला येतं. मी कॉफी ढवळत बसले. रडला थोडा. टिश्यू मीच दिला. त्याच क्षणी मनात आलं, हा खरं रडतोय का? सख्खा भाऊ रडतोय आणि बहीण बसलीय पारख करत.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज संध्याकाळी सु.च्या शिकवणीचा तो मुलगा दिसला. बसमध्ये. शाळेचा गणवेश, उंच झालाय, ओठांवर मिसरूड. मला ओळखलं नाही बहुतेक. बस रिकामी होती, तरी ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसला, बॅग पोटाशी धरून. असेल सवय. कुणाकुणाला आवडतं तिथे बसायला.

की मीच सगळ्यात तेच बघते?

समुपदेशक, ऑफिसर, आई, मी, सगळे सु. सुधारला का ह्यावर बोलतो. ह्या पोराचं कसं चाललंय हे आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलेलं नाही. विचारायचा अधिकार तरी कुठे आहे? माझा स्टॉप यायच्या आधीच उतरले.

९ ऑगस्ट, शनिवार

इथला नॅशनल डे. खिडक्या-खिडक्यांत झेंडे. दुपारपासून डोक्यावर विमानं, रेवा कानांवर हात ठेवून ओरडत होती, "Mummy, so loud lah!" आणि मजेत होती.

सकाळीच सु.ला भेटून आले. ठरवूनच गेले होते. म्हटलं, वैशालीचा, म्हणजे त्या चंद्रपूरच्या बाईचा, नंबर आईकडून घेतलाय. मी तिला सगळं सांगणार.

तो पांढरा पडला. मग म्हणाला, "मला सांगू दे. तू सांगितलंस तर मी जन्मभर तू सांगितलेला माणूस राहीन. मी स्वतः सांगितलं तर काहीतरी… एकदा तरी, ताई."

मला हे पटलं. मनापासून पटलं. आत जे शिकवलं ते हेच ना, स्वतःच्या तोंडाने सांगायला? उद्याचा रविवार संपेपर्यंत दिला वेळ.

घरी येताना चक्क हलकं वाटत होतं. नि.साठी बिर्याणी घेतली. सगळं सांगितलं त्याला. "बघू," म्हणाला. पण हसला.

११ ऑगस्ट, सोमवार

कामावरून सुटल्यावर जुरोंग आयलंडवर कंपनीच्या बसच्या रांगेत उभी होते. चंद्रपूरचा नंबर.

"ताई, मी वैशाली. त्यांनी काल सगळं सांगितलं मला." आवाज भरून आलेला. मला वाटलं, झालं. केलं पोराने. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच.

"किती सोसलं हो त्यांनी," ती म्हणाली. "शेजाऱ्यांनी भांडणापायी पोराला पढवून केस टाकली. परक्या देशात कोण ऐकणार? मी पण कोर्टाच्या पायऱ्या चढलेय ताई, मला कळतं."

मी रांगेतून बाहेर आले.

ती बोलतच होती. आर्यन, तिचा मुलगा, फार लाजाळू आहे म्हणे, वडिलांनी कधी जवळ केलं नाही. "पण ह्यांच्याशी कसा खुलतो. रोज संध्याकाळी फोनवर बुद्धिबळ शिकवतात त्याला. पंधरा दिवस झाले असतील. मी बाजूला स्वयंपाक करते, दोघांचं चालू असतं."

एक-दोनदा बोललो, म्हणाला होता.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, बसच्या आवाजात. खोटी केस नव्हती. त्याने कबूल केलंय, मी स्वतः ऐकलंय. मुलगा अकरा वर्षांचा होता. काय झालं तेही सांगितलं, मोजक्या शब्दांत. आर्यनकडे फोन देऊ नका. आर्यनला नीट विचारा, रागावू नका त्याच्यावर.

कुकरची शिट्टी ऐकू आली तिच्याकडची.

मग म्हणाली, "स्थळाची बोलणी सुरू झाली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही आज सांगताय."

फोन ठेवला. माझी बस गेली होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रात्रभर… असो.

आईचा फोन सकाळी सातला. इथले सात, म्हणजे तिथे पहाट. झोपलीच नसणार. "तू बहीण आहेस का पोलीस? वसणारं घर मोडलंस त्याचं." ती ठेवता ठेवता म्हणाली, "ते पोरगं ठीक आहे. वैशालीनं विचारलं त्याला. नुसतं बुद्धिबळच खेळत होते म्हणे." आणि मग एकदम रडायला लागली. म्हणजे आईनेही वैशालीला विचारलंच ना? म्हणजे आत कुठेतरी तिलाही ठाऊक आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सु.च्या ऑफिसरला कळवलं. लहान मुलांशी कसलाच संपर्क नाही ही सु.च्या सुटकेची अट होती, फोनवरही. नि. म्हणाला, "तू कळवशील असं वाटलं नव्हतं." कौतुक होतं की भीती, ते समजलं नाही.

परत आत पाठवतील का, विचारलं. ऑफिसर म्हणाले, तपास करू, ठरवू.

मी केलं ते बरोबर केलं. हे वाक्य लिहून बघितलं. बरोबरच आहे. मग इतकं घाण का वाटतंय?

१७ ऑगस्ट, रविवार

वंदनेला गेले नाही. सु. फोन उचलत नाही. बाई म्हणाल्या होत्या, एकटा पडला की धोका वाढतो. आता आई त्याच्याशी बोलताना नुसती रडते, वैशाली गेली, आणि राहिलेल्या एका माणसाने त्याची तक्रार केली. म्हणजे धोका मीच वाढवला? आणि कळवलं नसतं तर?

दोन्ही बाजूंनी विचार करून करून डोकं बधिर झालंय. रेवाने विचारलं, "Mummy, why you so angry?" रागावले नाही गं म्हटलं. तिला जवळ घेतलं. सोडवेना.

२३ ऑगस्ट, शनिवार

हॉकर सेंटरला जाऊन बसले. आला नाही. दोन कॉफ्या घेतल्या होत्या, दोन्ही प्यायले.

ऑफिसरकडून कळलं. आत पाठवणार नाहीत. सक्त ताकीद, फोन फक्त साधा, इंटरनेट नसलेला, तपासणी वाढवली. ऐकून बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. एकाच श्वासात दोन्ही.

३० ऑगस्ट, शनिवार

आज आला. दाढी वाढलेली. समोर बसला. मी राइस आणून ठेवला, तो जेवू लागला. भूक होती.

जेवता जेवता म्हणाला, "बुद्धिबळच शिकवत होतो ताई."

"असेल."

"आवडत होतं मला. कुणीतरी वाट बघतंय, हे."

"मग खोटी केस का सांगितलीस तिला?"

चमचा फिरवत बसला ताटलीत.

"मी सांगितलं नसतं तर तू कधीतरी सांगितलं असतंस का?"

मला वाटलं, आता म्हणेल, हो. तोंडावर आलंच होतं त्याच्या. मग म्हणाला, "माहीत नाही."

मी विश्वास ठेवला त्याच्यावर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात बाजूच्या टेबलावर एक कुटुंब आलं. आई, आजी, पाच-सहा वर्षांचा मुलगा, हातात उसाच्या रसाचा ग्लास. सु.ने ताटली उचलली आणि लांबच्या खांबापलीकडे जाऊन बसला, पाठ करून. कुणी सांगितलं नव्हतं. मला भरून यायला हवं होतं.

मी मात्र तो उठताना त्याचे डोळे कुठे जातात, तेवढंच बघत होते. त्याने मागे वळून पाहिलं, माझ्याकडे. मी काय बघतेय, ते त्याला कळलं. पुन्हा पाठ फिरवली आणि जेवत राहिला.