मेंढ्याच्या कानातली खाच

सांगली, शनिवार, संध्याकाळ

जमलं! ब्राँझचा मेंढा आज साच्यातून पुरा निघाला. कानासकट. मागच्या खेपेला कानापर्यंत धातू पोचलाच नव्हता, म्हणून आज साचा फोडताना आधी कानच मोकळा केला.

गेल्या महिन्यात साताऱ्याला एका डेअरीच्या कार्यक्रमात हाच मेंढा लोण्याचा केला होता. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बुडवून बोटं बधिर झाली. लोक फोटो काढत होते आणि दिव्यांच्या उबेनं डाव्या कानातली खाच माझ्या डोळ्यांदेखत बुजली. बाकी मेंढा तसाच होता. मग एवढं का लागलं मला? खाच गेली आणि तो कुणाचाही मेंढा झाला, म्हणून.

आज खाच आली. आणि कॉलेजातल्या आमच्या शिल्पकलेच्या सरांनी नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. "कान इथं अपुरा आलाय गं. भरून घे, मग कानस मार."

मी तोंड उघडायच्या आत आबाच पुढे झाले. आईच्या हट्टापायी मेंढरं शेजाऱ्याकडं सोपवून लेकीचं काम बघायला माणहून आले होते, इतका वेळ दाराशीच उभे.

"आवं सर, भरू नगा. ती आमची खूण हाय. आमच्या समद्या मेंढरांच्या डाव्या कानाला असती."

सरांनी हातातली कानस खाली ठेवली.

ह्या शिक्षणाचं करायचं काय, असं तीन वर्षं विचारणाऱ्या आबांनी त्या खाचेत अंगठा फिरवला. "ह्यो कुणाच्याबी कळपात सोडा, हुडकून आणतो."