कागदी दारावरची फुलं

मरीन परेड, सिंगापूर
८ ऑगस्ट २०१५

प्रिय सुलेखास शुभदाचे आशीर्वाद (तू माझ्याहून अकरा दिवसांनी लहान आहेस, म्हणून).

वसतिगृहातली अभ्यासाची खोली आठवते? फुटक्या काचेच्या जागी सिस्टरांनी कागद लावला होता आणि तू जिभेवर बोट ओलं करून त्याला भोक पाडलंस. दिसलं काय, तर माळीबुवा विडी ओढताना. तरी आपण आठवडाभर आळीपाळीने बघत होतो. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांचं पुढे येतंच आहे.

आमच्या विक्रांतने आणि सूनबाई क्षिप्राने फ्लॅट जपानी करून घेतला. म्हणजे जुन्या जपानी घरांत असायचं ते सगळं, पण नवंकोरं: माती-पेंढ्याचा गिलावा, गवताच्या जाड चटया, लाकडी चौकटींवर कागद लावलेली सरकती दारं. (ही भिंत म्हणजे फार दुर्मिळ कला, असं त्यांनी नेमलेल्या आर्किटेक्ट मुलीने मला समजावलं. मी आजोळच्या गोठ्याचं नाव काढलं नाही.) पलंग गेले. सकाळी मी आधी कुशीवर वळते, मग रांगते, मग देवाचं नाव घेऊन उभी राहते. न्हाणीघरात लाकडी टब आहे, पण त्यात उतरण्याआधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून भांड्याने अंगावर पाणी घ्यायचं असतं. विक्रांत हे व्हिडिओ बघून शिकला. मी त्याला पाटावर बसवून हेच शिकवलं, तेव्हा भोकाड पसरायचा.

माझ्या खोलीलाही कागदी दार. आवाज सगळे येतात, माणसं दिसत नाहीत. दार सरकवलं की बाहेरचं बोलणं थांबतं आणि क्षिप्रा उठते, "आई, काही हवंय का?" गुणी मुलगी आहे. पण मला काहीच नको असतं गं. मग मी पाणी मागते. (इतकं पाणी मी आयुष्यात प्यायले नव्हते.) शेवटी एका दुपारी मी जिभेवर बोट ओलं केलं.

जपानात फाटल्या जागी कागदाचं फूल कापून चिकटवतात, हे आर्किटेक्टने सांगितलं होतं. मी शिळ्या भाताची खळ केली आणि फूल लावलं. पण मग दिसेना, म्हणून दुसरं भोक. आता अकरा फुलं झालीत. पाहुण्यांना क्षिप्रा ती कौतुकाने दाखवते, आईंच्या हातात केवढी कला आहे म्हणून.

मंगळवारी बाराव्या भोकाला डोळा लावला, तर पलीकडून एक डोळा. माझी नात गार्गी, वय वर्षं सहा. "आजी, यू ऑल्सो पीपिंग आह?" मी म्हटलं, हो. तिने लगेच बोट ओलं करून आपल्या उंचीला स्वतःचं भोक पाडलं आणि विचारलं, दिवसभर तू आत करतेस काय? तेवढ्यात तिची पियानोची वेळ झाली.

एकूण मी इथे अतिशय सुखात आहे.

तुझी
शुभदा

ता. क. तुझी मागची खोली अजून रिकामी आहे का? दार लाकडी असलं तरी चालेल. आपण ते उघडंच ठेवू.

ता. क. २. आमच्या मजल्यावरचे प्रबोध पुढच्या आठवड्यात पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर पुडकं देते. जपानी घडीचा पंखा सवितावहिनीला. निळा पंचा तुझ्या विश्वासला (जपानी टॉवेल म्हणून दे, पंचा म्हटलंस तर मुलगा घेणार नाही). उरलेला कागद तुला. कात्री मात्र पाठवत नाही, ती निघताना गार्गीला देईन. खालचं भोक मी बुजवलेलं नाही. ते तिचं आहे.