बिनपासवर्डचं नेटवर्क

३ तारीख, सोमवार

खोली मिळाली एकदाची! दातांच्या डॉक्टरांच्या घराची मागची खोली. पुढे त्यांचा दवाखाना, मध्ये बोळ, आणि माझी ये-जा त्या बोळातूनच. खिडकीला गज आहेत, पण ऊन छान येतं. डॉक्टर भलतेच अगत्यशील. माझी ट्रंक स्वतः उचलून आत आणली, आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई म्हटल्यावर भाड्यात सूटही दिली. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चहा आणला. हसताना तोंडावर हात धरतात. काहीही विचारलं तरी नुसती मान हलवतात. लाजाळू असाव्यात. माझ्यासारखी बडबडी शेजारी मिळाल्यावर किती दिवस गप्प राहतील?

४ तारीख, मंगळवार

दादाने त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारलाय, वर अंगठ्याएवढा एक वायफाय अडॅप्टर, तोही जुनाच. कॉम्प्युटरचं नाव त्याने 'भागूबाई' ठेवलंय. लहानपणी मी पालीला घाबरायचे, त्याची आठवण म्हणे. द्वाड कुठला!

अडॅप्टर खोचला, पण दिवा लागेना. पडद्यावर पिवळा त्रिकोण आला. ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर नेटवर मिळतो, आणि नेट हवं तर आधी ड्रायव्हर हवा. सोबतच्या सीडीवर इतके चरे की मांजराने खेळायला घेतली असावी. दादाला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. मुलांचे गुण महिनाअखेर नेटवर भरायचेत, हसायचं काय त्यात?

६ तारीख, गुरुवार

शाळेतल्या कॉम्प्युटरवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणला. चालला नाही. दादा म्हणाला, अडॅप्टर उलटा करून आवृत्तीचा आकडा वाच. मॉडेल एकच असलं तरी आतली चिप वेगळी असते. आकडा घासून गेलेला. मग दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर घालून पाहिला. याची खात्री देता येत नाही, अशी तंबी कॉम्प्युटरने दिली. गप बस म्हटलं आणि 'तरीही करा' दाबलं. निळा दिवा लागला! खोलीत एकटीच नाचले.

पण डॉक्टरांच्या नेटवर्कला काही जोडेना. माझं ड्रायव्हरचं रडगाणं ऐकून पासवर्ड त्यांनी आनंदाने दिला होता. दादाचं म्हणणं, त्यांचा राउटर नवा आणि आपला अडॅप्टर म्हातारा, नव्या पद्धतीचं कुलूप त्याला उघडता येत नाही. आणखी एक नेटवर्क मात्र दिसतंय, जुन्या पद्धतीचं, पासवर्ड नसलेलं. सिग्नल भरपूर. उद्या शाळा अर्धा दिवस आहे, तेव्हा बघते.

७ तारीख, शुक्रवार

जोडलं. तिथे नेट नाहीच, फक्त एक कॅमेरा आहे. फाटकावरचा असेल म्हणून उघडला.

दवाखान्यातली खुर्ची दिसली. दुपारी दवाखाना बंद असतो. खुर्चीत वहिनी होत्या. मनगटं पट्ट्यांनी बांधलेली, जबडा उघडा राहावा म्हणून तोंडात लोखंडी चिमटा. भूल दिली नाही. डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर गुडघा रोवला, पक्कड घातली आणि ओढली. दात अर्ध्यात तुटला. उरलेला त्यांनी खणून काढला. कॅमेऱ्याला आवाज नाही. आवाज भिंतीपलीकडून आला.

रक्त गळ्यावरून कपड्यांत उतरत होतं. डॉक्टरांनी दात धुतला, पुसला, वहिनींच्या डोळ्यांपुढे धरला आणि काहीतरी विचारलं. वहिनींनी मान हलवली. सोमवारी मला चहा देताना हलवली होती, तशीच.

पोलिसांना फोन केला. सकाळी माणूस पाठवतो म्हणाले.

८ तारीख, शनिवार

सकाळी हवालदार आले. वहिनी तोंडावर हात धरून म्हणाल्या, दाढ किडली होती, ह्यांनीच काढली. मी कॅमेरा दाखवायला गेले तर खुर्ची रिकामी, चकचकीत पुसलेली. तोंडघशी पडले. हवालदारांनी जाता जाता स्वतःच्या दाढेसाठी वेळ मागून घेतली.

ते गेल्यावर डॉक्टर बोळात उभे होते. हसून म्हणाले, काय भागूबाई, ड्रायव्हर चालला ना शेवटी?

हे नाव मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

दादा फोनवर ओरडला. कॅमेऱ्याला कोण जोडलंय ते मालकाला दिसतं म्हणे, कॉम्प्युटरच्या नावासकट. तो गाडी घेऊन निघालाय, संध्याकाळी पोचेल. तोवर आतून कडी लावून बसायचं. वहिनींना सोडून मी जाणार नाही, असं त्याला ठणकावून सांगितलं.

शनिवार, दुपार

बोळाच्या टोकाचं दार बाहेरून बंद केलंय. पोलिसांना परत फोन लावला. भाडेकरू बाईंचं डोकं फिरलंय, असं डॉक्टरांनी त्यांना आधीच कळवलंय.

पडद्यावर खुर्चीत पुन्हा वहिनी. डॉक्टर कॅमेऱ्यात बघतायत. माझ्याकडे. पक्कड दाखवली, मग माझ्या खोलीच्या दिशेला बोट, बाहेर ये अशी खूण. थांबले. मी हलले नाही.

ओढला.

पुन्हा बोट. पुन्हा थांबले. मी कडीला हात लावला, मागे घेतला. घाबरले, सरळ घाबरले—

आणखी एक. भिंतीपलीकडून—

कॅमेरा बंद करवत नाही.

नंतर

खुर्ची रिकामी. दार वाजतंय. वहिनी आहेत. शब्द धड येत नाहीत, रडणं कळतं. एकट्या आहेत म्हणतात.

कर्कटक मुठीत धरून, टोक पुढे करून कडी काढली. एकट्याच होत्या. आत घेतलं, कडी लावली. टॉवेल दिला, लाल झाला. दादा येतोय, आपण दोघी जाऊ, म्हटलं. मान हलवली. माझा डावा हात घट्ट धरून बसल्यात. सोडत नाहीत.

दादाचा फोन लागत नाही.

वहिनी बोलल्या. नीट कळावं म्हणून परत विचारलं. त्यांचे पुढचे दोनच दात उरलेत. ते ठेवीन म्हणालेत डॉक्टर. वहिनींनी कबूल केलंय. माझ्या बदल्यात—

उठल्या. दाराकडे— वहिनी, नको, कडी का—