म्हाताऱ्याचा लोटा

२ मार्च १९७५

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: घडीची खाट, मिटल्यावर छत्रीएवढी. पत्र्याच्या डब्यात बसणारा स्टोव्ह, डब्याचं झाकण म्हणजेच तवा. सुरई हिंदकळू नये म्हणून सागाचं कडं. आणि चाकांची ट्रंक — मोडक्या तीनचाकीची चाकं, बेअरिंग मात्र नवं.

शिकवायला गुरू नव्हता, नकाशा नव्हता. एकही स्क्रू वाकडा नाही.

हे सगळं लांबच्या प्रवासासाठी. लांबचा प्रवास अजून घडलेला नाही. आजवरचा सर्वांत लांबचा म्हणजे रामटेक, एक रात्र. तिथे खाट उघडेपर्यंत परतायची वेळ झाली.

५ मार्च

आमचे मालक ताराचंद शेठ रविवार धरून चार दिवसांच्या रजेला राजी झाले. पचमढी! बर्फाच्या कारखान्यात मार्चमध्ये रजा म्हणजे लग्नघरात आचाऱ्याने मागितलेली रजा. शेठजी म्हणाले, "भैय्याजी, मौसम सुरू होऊन राहिला. म्हातारा बंद पडला तर?"

म्हातारा म्हणजे आमचं ऑइल इंजिन. ते फिरलं तर बर्फ, नाही तर हौदात नुसतं मिठाचं पाणी. ते सुरू करणं नागपूरजवळच्या वाडीच्या या अख्ख्या रस्त्यावर मला एकट्याला जमतं. अभिमानाने नाही लिहीत. बरं, अभिमानाने लिहितो.

आमचे कारकून दत्तोपंत हसले. दर सणाला जोडून दोन दिवस कुठेतरी जाऊन येतात आणि महिनाभर त्याचं वर्णन करतात. म्हणाले, "सुट्टी लोणच्यासारखी असावी, भैय्याजी. एक फोड, पण चव राहते."

मी म्हणालो, "लोणच्याने पोट भरल्याचं ऐकिवात नाही."

घरी बायकोला, प्रेमिलेला, सांगितलं. ती म्हणाली, "चार दिवसांत काय होते? गावची भाजीवाली आपल्याले ओळखाले लागली पाहिजे, तवा म्हनावं फिरलो."

भाजीवालीची ओळख! प्रवासाचं असं माप मी कुठे वाचलं नव्हतं. पण माप अचूक आहे.

८ मार्च

निघण्यापूर्वी नत्थूला म्हाताऱ्याचा विधी करून दाखवला. नत्थू म्हणजे इंजिनाला तेल घालणारा, पंधरा वर्षं माझ्या हाताखाली. पितळी लोटाभर पाणी, इंजिनाभोवती एक फेरी, धार तुटू द्यायची नाही, आणि फेरी पुरी होताना म्हणायचं, "ऊठ गा म्हाताऱ्या." मग दाबलेल्या हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा.

नत्थूने हात जोडून पाहिलं.

खरी गंमत या पानालाच ठाऊक. लोट्याने काही होत नाही. फेरीत मी मोठ्या चाकामागे जातो तेव्हा डाव्या हाताने चाक फिरवून छिन्नीची एक खूण वर आणतो. खूण ग्रीसखाली आहे. चाक त्या जागी असलं की हवेच्या धक्क्याने इंजिन पकडतं, नसलं तर नुसतं उसासे टाकतं. पूर्वी एकदा शेठजींच्या पुतण्याने विचारलं, "ये कैसे करते हो?" त्याची खोड काढायला हातात होता तो लोटा पुढे केला. तेव्हापासून कारखानाभर पूजा चालू आहे. मीही कधी मोडली नाही. कशाला मोडू? मजा येते.

११ मार्च, पचमढी

खाट उघडली. सुरई कड्यात बसली, थेंब सांडला नाही. स्टोव्हवर पिठलं झालं. प्रेमिला चाकांची ट्रंक ओढत बाजारातून मुद्दाम दोनदा फिरली, लोक पाहत होते म्हणून. भाजीवालीशी घासाघीस झाली. उद्या पुन्हा तिच्याकडेच जायचं ठरलं.

संध्याकाळी दारात शेठजींची जीप.

१२ मार्च

रातोरात छिंदवाड्यावरून परत. जीप घरी नाही, थेट कारखान्यात. प्रेमिलाही आत आली, ट्रंकेसकट.

नत्थू चिखलात उभा. "सात लोटे वतले जी! धार बी नाही तोडली. म्हातारा उठूनच नाही राह्यला." पट्टा ओला, पाया ओला, नत्थू ओला. हौदातला बर्फ मऊ पडायला लागलेला.

मी लोटा भरला, गंभीर तोंडाने फेरी घातली. "ऊठ गा म्हाताऱ्या." पट्टा पुसून घेतला, व्हॉल्व्ह उघडला. उठला! कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे लोट्याकडे पाहत होते. प्रेमिला माझ्या डाव्या हाताकडे.

घरी आल्यावर तिने विचारलं, "चाकाले काय केलं तुमी?"

सांगावं लागलं. वाटलं होतं हसेल.

"म्हंजे तुमीच बोलावली जीप," ती म्हणाली. "त्या नत्थूले सांगा. नाही तं पुढच्या खेपेले ट्रंक घेऊन मी एकटी जातो. जीप आली तं तुमी बसा."

१३ मार्च

भाजीत मीठ नाही.

१९ नोव्हेंबर

थंडीत बर्फाला गिऱ्हाईक कमी. शेठजींना पुन्हा विचारलं: नोकरी राखून महिनाभर रजा, बिनपगारी. म्हणाले, "जा. पण पहिले नत्थूला एकट्याने चालवून दाखवू दे. नाही चालवलं तर पुन्हा रजेचं नाव काढायचं नाही."

म्हणजे खूण द्यायची. ज्या खुणेमुळे वाडीत मला सगळे भैय्याजी म्हणतात, ती. ती गेली की मी कोण? चार स्क्रू सरळ बसवणारा माणूस.

प्रेमिलेने ट्रंकेच्या चाकांना तेल घातलं.

२३ नोव्हेंबर

कामगार जेवायला गेल्यावर नत्थूला चाकामागे नेलं. ग्रीस पुसलं. खूण दाखवली. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं.

"आनि लोटा?"

"लोटा काही नाही."

"सात लोटे वताले लावले तुमी मले!"

मारतो की काय वाटलं. मग खाली बसून पोट धरून हसला. मीही. दोघांना ठसका लागला.

संध्याकाळी शेठजींसमोर पहिल्या धक्क्यात उठवला त्याने. माझ्यापेक्षा हलका हात आहे. हे लिहायला नको होतं.

८ जानेवारी १९७६, कारवार

हुबळीहून घाट उतरून आलो. खोलीला खिडकी लहान, समोर समुद्र. खाट रोज उघडी, मिटायची घाई नाही. सुरईचं कडं इथे निरुपयोगी, घरमालकिणीचा माठच मोठा आहे. प्रेमिला कोकमाचं सार शिकते आहे.

तार नाही.

१५ जानेवारी

कारखान्याची तार नाही. जीप तर एवढ्या लांब येणार नाही. की येईल?

१९ जानेवारी

आज भाजीवाली प्रेमिलेला म्हणाली, "काल आला नाहीत?" प्रेमिला धावतच खोलीवर आली. डोळे भरलेले, हातात फुकटची कोथिंबीर.

मलाही एकाने ओळखलं. पोस्टातला तारबाबू. मला दाराशी पाहिल्याबरोबर आतूनच हात हलवतो: नाही!

"कोनाची वाट पाहून राहिले?" प्रेमिलेने विचारलं.

"कोणाची नाही."

"त्या म्हाताऱ्याची ना?"

२२ जानेवारी

मीच तार केली. इंजिन कसं आहे?

२४ जानेवारी

उत्तर आलं. म्हातारा मजेत, घाई नको.

घाई नको! माझ्या म्हाताऱ्याबद्दल मला सांगतात.

संध्याकाळपर्यंत रुसलो. मग समुद्रात गुडघाभर गेलो, पहिल्यांदाच. प्रेमिला चपला धरून उभी राहिली.

९ फेब्रुवारी, नागपूर

कारखान्यात गेलो. नत्थू इंजिनाभोवती लोटा घेऊन फिरत होता, धार न तोडता. कामगार हात जोडून उभे. चाकामागे डावा हात हळूच खाली गेला.

बाजूला घेऊन विचारलं, "आता काहून?"

"सगळ्याईले खूण समजली तं मंग मले कोन इचारन?" नत्थू म्हणाला. मग कानाशी आला. "माह्या कौसल्येले बी तो समुद्र पाहाचा हाय जी. तुमी आले, आता मले रजा भेटन ना?"

"भेटन," म्हणालो. चाकांची ट्रंकही देतो म्हटलं.

१० फेब्रुवारी

शेठजींनी कचेरीत बोलावलं. नत्थू कमी पगारात चालवतो, तर तुम्ही आता कायमचं फिरा, म्हणाले. आज नोकरी सोडली तर वीस वर्षांच्या नोकरीचे पैसे एकदम देतो. मी नको म्हणालो. नत्थूची रजा लागली आहे, आणि रजेवर जायला मलाही नोकरी लागते. रक्कम आठ हजार होती, रोख.