करपलेली खापरी

३ ऑक्टोबर १९९४, सेंदाई, जपान
आज परत टेकडीवर. इथे चार-पाच हजार वर्षांपूर्वी गाव होतं. घरं उरली नाहीत. खांब होते तिथे मातीत नुसते काळसर गोल. त्या गोलांच्या मधे उभी राहिले. वाटलं, आत्ता चूल पेटेल आणि कोणीतरी म्हणेल, ये आत.

शाळा सोडल्यापासून हीच एक जागा आवडते. बाबांच्या युनिव्हर्सिटीतले कोन्नो-सान खोदकाम बघतात, त्यांनी घेतलं मला. कोणी बोलायला लावत नाही. खापऱ्या धुवायच्या, बस. शेजारी सुगावारा-सान, आजीच्या वयाच्या.

आईचं आज परत तेच — "दिवाळी झाली की तुला पुण्याला मावशीकडे पाठवते. दिवसभर कोणाशी एक शब्द नाही. मुकं होतं माणूस इथे."
मला नाही जायचं.

५ ऑक्टोबर
धुकं. स्वप्नात त्या घरात होते. एक बाई भांडं ढवळत होती. मराठीच बोलत होती. काय शिजतंय ते विचारायचं राहिलं.

६ ऑक्टोबर
मोठी खापरी मिळाली, आतून काळीकुट्ट. घासघासून लख्ख केली. करपलेलं पातेलं आई असंच घासायला लावते.

दुपारी कोन्नो-सानांनी ती उलटून पाहिली. चेहराच उतरला. ते करपलेलंच हवं होतं! त्यावरून कळतं ती माणसं काय खायची.
"कोणी धुतली?"
मी पुढची खापरी बादलीत बुडवली. सुगावारा-सान माफीसाठी कमरेत वाकल्या. "मी. डोळे गेले आता माझे."
त्यांना माती उपसायला पाठवलं. त्या वयात.

७ ऑक्टोबर
पोट दुखतंय म्हणाले. गेले नाही.

११ ऑक्टोबर
गेले. कोन्नो-सानांसमोर उभी राहिले. तुटक जपानीत, पण मोठ्याने — "मी धुतली. आमच्याकडे भांडं काळं ठेवत नाहीत."
सगळ्यांचे ब्रश थांबले.
सुगावारा-सान म्हणाल्या, "अगं, आवाज आहे की तुला. मला वाटलं मी आंधळी, तू मुकी, छान जोडी जमली."
सगळे हसले. कोन्नो-सान नाही हसले. म्हणाले, "गेलं ते गेलं. पुढची काळी खापरी आधी मला दाखवायची."
पुढची. म्हणजे काढलं नाही मला. सुगावारा-सान परत शेजारी बसल्या.

१२ ऑक्टोबर
आईला सगळं सांगितलं. म्हटलं, मी इथेच राहते. ती पोळ्या लाटत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "राहा. जायचं मलाच होतं."